प्रणयस्पर्धा व उपहास, मराठी संगीत नाटकातील

प्रणयस्पर्धा व उपहास, मराठी संगीत नाटकातील : एकाच नायिकेची अभिलाषा धरणारे दोन वा अधिक प्रणयी, त्यांच्यातील चढाओढ आणि त्या चढाओढीत ‘आपली थट्टा झाली’ अशी एखाद्या पात्राला होणारी बोचरी जाणीव, हा सुखात्मिकेचा जुना व सार्वत्रिक विषय होय. मराठी रंगभूमीवर त्याचा विशेष विकास १८८२ ते १९१९ या काळातील संगीत नाटकांत झाला. किर्लोस्करांचे सौभद्र, खाडिलकरांचे मानापमान, देवलांचे संशयकल्लोळ आणि गडकऱ्यांचे भावबंधन ही त्यातील प्रमुख नाटके. प्रेक्षक ज्या प्रसंगाला हसतो, त्याच प्रसंगात रंगमंचावरील कोणी तरी मनातून दुखावलेले असते. हे दुखावलेपण कोणाचे आणि नाटककार त्याची दखल कितपत घेतो, यावरून या नाटकांचे परस्परांहून असलेले वेगळेपण स्पष्ट होते.

पार्श्वभूमी : पाश्चात्त्य सुखात्मिकेतील या विषयाचे ठळक उदाहरण म्हणजे शेक्सपिअरचे अ मिडसमर नाइट्स ड्रीम (सु. १५९५–९६). अथेन्समधील दोन तरुण, लायसँडर व डिमीट्रिअस, प्रारंभी हर्मियाच्या प्रेमात असतात व हेलेना उपेक्षित असते. रानात जादूच्या रसाचा प्रयोग चुकतो आणि दोघेही एकाएकी हेलेनाची आराधना करू लागतात. ज्या प्रेमासाठी ती झुरत होती ते समोर उभे राहिले असता तिला आनंद होत नाही. दोघांनी मिळून आपली टवाळी चालविली आहे आणि बालमैत्रीण हर्मियाही त्या कटात सामील आहे, असा तिचा समज होतो. प्रेक्षकाला रसाचे रहस्य ठाऊक असल्यामुळे तो हसतो. पण हेलेनाचा समज तर्काला सोडून नाही. डिमीट्रिअसने पूर्वी तिच्यावर प्रेम करून मग तिला टाकलेले असते. एकदा अवहेलना झालेल्या मनाला स्तुतीही कुचेष्टेसारखी वाटते, हे मर्म शेक्सपिअरने विनोदाच्या ओघात पकडले आहे.

भारतीय परंपरेत या विषयाचा उगम निराळा आहे. संस्कृत नाट्यशास्त्राने विकृत वेष, अस्थानी अलंकार व असंबद्ध भाषण यांना हास्यरसाचे विभाव मानले आहे. ‘शकार’ हे पात्र या सर्वांचे मूर्त रूप होय. शूद्रकाच्या मृच्छकटिकात राजाचा मेहुणा असलेला शकार वसंतसेनेच्या मागे लागतो आणि तिचे मन मात्र निर्धन चारुदत्तावर जडलेले असते. धनाढ्य पण हास्यास्पद प्रणयी व दरिद्री पण गुणवान प्रणयी ही जोडी येथे सिद्ध झाली. गोविंद बल्लाळ देवल यांनी मृच्छकटिकाचे मराठी संगीत रूपांतर केल्यामुळे ती मराठी प्रेक्षकाच्या परिचयाची झाली आणि पुढील अनेक नाटकांत निरनिराळ्या नावांनी वावरली.

यांखेरीज लोकरंगभूमीचाही वारसा होता. तमाशातील व कोकणच्या नमन-खेळ्यांतील गवळणीत कृष्ण व पेंद्या मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवितात आणि त्यांची थट्टा करतात. पण तेथे गवळणींच्या वतीने बोलणारी मावशी असते. ती जशास तसे उत्तर देते व थट्टा करणाऱ्यावरच थट्टा उलटविते. थट्टेला प्रत्युत्तर देण्याची ही मोकळीक नागर संगीत नाटकातील नायिकेच्या वाट्याला क्वचितच आली.

सौभद्र (१८८२) : अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–८५) यांच्या या नाटकात अर्जुन व दुर्योधन हे सुभद्रेचे प्रतिस्पर्धी वर आहेत. बलरामाने तिला दुर्योधनास देण्याचे योजिले आहे, तिचे मन अर्जुनावर आहे आणि सर्व सूत्रे कृष्णाच्या हाती आहेत. दुर्योधनाचे महत्त्व कथानकापुरते असून नाट्यव्यापारात त्याचे स्थान नाममात्र आहे. त्यामुळे दोन प्रणयी समोरासमोर येऊन एकमेकांचा पाणउतारा करीत नाहीत. जी थट्टा होते ती कृष्णाकडून. संन्यासी वेषातील अर्जुनाला बलराम आदराने घरी आणतो व त्याच्या सेवेस सुभद्रेलाच नेमतो, यातील विनोद कोणाला जखम करीत नाही. फसविला गेलेला बलराम वडीलकीच्या मानाने शेवटी समजुतीस येतो. सौभद्रातील हास्य हे कुटुंबातील हास्य आहे. ईश्वरी योजनेची हमी असल्यामुळे उपहासाची धार येथे बोथट राहते.

मानापमान (१९११) : कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) यांचे हे पहिले संगीत नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रंगभूमीवर आणले. उपहास हा गौण विषय न राहता नाटकाचा कणा बनला, तो येथे. काकासाहेबांची कन्या भामिनी श्रीमंतीत वाढलेली आहे. वडिलांच्या मनात पराक्रमी पण निर्धन सेनापती धैर्यधर हा जामात म्हणून भरला आहे. भामिनीला दारिद्र्याचा तिटकारा असून संपत्तीचा डौल मिरविणारा लक्ष्मीधर तिला योग्य वर वाटतो. ती धैर्यधराचा त्याच्या गरिबीवरून अपमान करते. पुढे वनमाला या नावाने, साध्या वेषात ती त्याच्या छावणीत जाते, तेव्हा तिला त्याच्या शौर्याची व लक्ष्मीधराच्या भित्रेपणाची खरी ओळख पटते. श्रीमंतीचा अभिमान गळून तिचे मन धैर्यधराकडे वळते.

लक्ष्मीधर हा शकाराचा वंशज आहे. परंतु खाडिलकरांनी त्याच्यातील क्रौर्य काढून टाकून केवळ पोकळ डौल ठेवला. त्यामुळे तो प्रेक्षकाच्या हसण्याचे हक्काचे स्थान होतो. धैर्यधराचे तसे नाही. त्याचा उपहास होतो, पण तो हास्यास्पद होत नाही. एकाच नाटकात उपहासाचे हे दोन प्रकार शेजारी ठेवणे, हे खाडिलकरांचे रचनाकौशल्य होय. ज्याच्याजवळ गुण नाहीत, पण मान आहे, त्याचा मान हास्याने काढून घेतला जातो. ज्याच्याजवळ गुण आहेत, पण धन नाही, त्याला अपमानातून मान मिळतो. नाटकाच्या नावातील दोन्ही पदे अशी सार्थ होतात.

या नाटकाचा विचार खाडिलकरांच्या आधीच्या लेखनापासून तोडून करता येत नाही. कीचकवध (१९०७) या त्यांच्या गद्य नाटकात भर राजसभेत द्रौपदीची विटंबना होते. तत्कालीन प्रेक्षकांनी त्या विटंबनेत पारतंत्र्याचे रूपक पाहिले आणि ब्रिटिश सरकारने १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी घातली. त्यानंतरच्या वर्षी आलेल्या मानापमानाचा विषयही अपमान हाच आहे. फक्त तो राजसभेतून प्रणयाच्या दालनात आला. द्रौपदीच्या अपमानाची भरपाई वधाने होते, तर धैर्यधराच्या अपमानाची भरपाई विवाहाने. दुसरा फरक अधिक बोलका आहे. कीचकवधात अपमानित व्यक्ती स्त्री आहे व तिचा क्षोभ नाटकाला गती देतो. मानापमानात अपमान झालेला पुरुष आहे आणि स्त्रीच्या वाट्याला पश्चात्ताप येतो. भामिनीने वेष पालटून केलेला प्रवास हा तिच्या गर्वहरणाचा प्रवास आहे.

गर्विष्ठ स्त्रीला नमविण्याचे हे सूत्र मराठी प्रेक्षकाला नवे नव्हते. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी शेक्सपिअरच्या द टेमिंग ऑफ द श्रूचे केलेले त्राटिका हे रूपांतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लोकप्रिय होते. तथापि भामिनी ही त्राटिकेहून प्रगल्भ आहे. तिला कोणी बळाने वठणीवर आणीत नाही. ती स्वतः पाहते, तुलना करते व मत बदलते. असे असूनही तिच्या पहिल्या नकारामागे काही विवेक असू शकेल काय, युद्धजीवी निर्धन पुरुषाशी विवाह करण्याची भीती ही केवळ गर्वच मानावी काय, हे प्रश्न नाटक विचारीत नाही. धैर्यधराचा स्वाभिमान व त्याचा अहंकार यांतील सीमारेषाही अस्पष्ट राहते. नाटकाची ही उणीव गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्या चालींनी झाकली गेली. उत्तर हिंदुस्थानी ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या त्या चालींमुळे पदे घरोघर पोचली. मात्र पदांच्या विपुलतेने गद्य संवादांतील नाट्य झाकोळले, हा आक्षेपही तेवढाच खरा आहे.

संशयकल्लोळ (१९१६) : गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांनी हे नाटक आर्थर मर्फीच्या ऑल इन द राँग (१७६१) या इंग्रजी सुखात्मिकेवरून रचले. मर्फीच्या कृतीचे मूळ मोल्येरच्या स्गानारेल (१६६०) या प्रहसनात आहे. देवलांचे गद्य रूपांतर १८९३ मध्ये फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा या नावाने आले. त्याचा पदांनी युक्त असा संगीत अवतार गंधर्व नाटक मंडळीने २० ऑक्टोबर १९१६ रोजी रंगभूमीवर आणला. तो पाहण्यास देवल हयात नव्हते. पात्रांना महिन्यांची व नक्षत्रांची नावे देण्याची त्यांची कल्पना सर्वपरिचित आहे.

येथे प्रतिस्पर्धी प्रणयी प्रत्यक्षात नाहीतच. ते केवळ संशयात आहेत. वाटेत घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो आणि त्याची पत्नी कृत्तिका ते पाहते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर तेथे पडते व कृत्तिकेच्या हाती लागते. तीच तसबीर पत्नी न्याहाळीत असता फाल्गुनरावाला दिसते आणि पुढे ती फाल्गुनरावाजवळ असल्याचे अश्विनशेठला आढळते. एका निर्जीव वस्तूमुळे चार माणसे आपापल्या मनात एकेक प्रतिस्पर्धी निर्माण करतात. देवलांनी १८९० मध्ये ऑथेल्लोचे झुंझारराव हे रूपांतर केले होते. तेथे एका हातरुमालाने संसार उद्ध्वस्त होतो, तर येथे तसबिरीने घोटाळा होतो व निस्तरतो. शोकांतिका आणि प्रहसन यांना लागणारी सामग्री किती समान असते, याचा धडा एकाच नाटककाराच्या या दोन कृतींतून मिळतो.

फाल्गुनरावाचा संशय हा स्वभावदोष असल्यामुळे त्याला हसणे निर्वेध आहे. अश्विनशेठचा संशय मात्र सामाजिक आहे. रेवती ही कलावंतिणीच्या घरची मुलगी. आपण दिलेली तसबीर परपुरुषाच्या हाती पाहताच, हिने आपल्याला खेळविले आणि आपल्या प्रेमाची दुसऱ्यापाशी थट्टा केली, असे तो क्षणात मानतो. त्या वेगाला कारण रेवतीचे वर्तन नाही. तिचे घराणे आहे. कुलीन घरातील वाग्दत्त वधूविषयी त्याने इतक्या सहज असा निष्कर्ष काढला नसता. म्हणून या नाटकात खरा अपमान अश्विनशेठचा होत नाही, तो रेवतीचा होतो. प्रेम मागताना जो जातकुळी विचारीत नाही, तो संशय घेताना मात्र ती आठवतो. रेवतीचा राग व रुसवा यांत हेलेनाच्या दुःखाची छाया आहे: जे प्रेम खरे म्हणून स्वीकारावे, तेच आपली किंमत कमी लेखीत आहे, ही ती जाणीव. देवलांनी तिला निष्ठावान व मानी रेखाटले आणि नाटकाच्या शेवटी तिचे प्रेम मान्य करविले. शारदा (१८९९) नाटकात जरठ वर भुजंगनाथ याची मुलींकडून थट्टा करवून दुर्बळांच्या हाती उपहासाचे शस्त्र देणाऱ्या या नाटककाराची सुधारकी दृष्टी येथेही जागी आहे. ती प्रहसनाच्या गलबल्यात चटकन लक्षात येत नाही, एवढेच.

भावबंधन (१९१९) : राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) यांचे हे अखेरचे पूर्ण नाटक, बळवंत संगीत मंडळीने ते त्यांच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आणले. मानापमानातील प्रश्न गडकऱ्यांनी उलट बाजूने मांडला. गर्विष्ठ लतिका घनश्यामाच्या प्रेमाची हेटाळणी करते. तोही धैर्यधराप्रमाणे धनिकाच्या दारी अपमानित झालेला बुद्धिमान पुरुष आहे. पण त्याच्याजवळ रणांगण नाही आणि अपमान धुऊन काढण्याचा राजमान्य मार्गही नाही. तो सूडाला प्रवृत्त होतो व लतिकेच्या कुटुंबाला कोंडीत पकडतो. धैर्यधर व घनश्याम यांच्या आरंभीच्या परिस्थितीत फारसे अंतर नाही. एकाला नाटककाराने सेनापतिपद दिले व दुसऱ्याला दिले नाही, म्हणून एक नायक ठरला व दुसरा खलनायक. उपहासाने माणूस उदात्त होतोच असे नाही, तो विषारीही होतो, हे सत्य मराठी सुखात्मिकेत एवढ्या स्पष्टपणे पूर्वी कोणी मांडले नव्हते.

गडकऱ्यांनी घनश्यामाला दिलेले भाषावैभव इतके विलक्षण आहे, की प्रेक्षक त्याचा तिरस्कार करीत असतानाच त्याच्या दुखावलेल्या मनाशी क्षणभर समरस होतो. याच नाटकात कामण्णासारख्या निव्वळ हास्यास्पद विवाहेच्छूचीही योजना आहे. त्याच्या रूपाची व लग्नाच्या हौसेची मनसोक्त चेष्टा होते आणि ती त्याला लागतच नाही. ज्याला अपमान कळत नाही तो विनोदी पात्र आणि ज्याला तो विसरता येत नाही तो खलपुरुष, अशी ही विभागणी आहे. भावबंधनाचा विनोद त्यामुळे मानापमानाहून अधिक कडवट व अधिक आधुनिक वाटतो. कोट्या व आलंकारिक संवादांचा अतिरेक हा मात्र त्याचा दोष होय.

प्रयोगपरंपरा : या विषयाला रंगभूमीवर जे रूप लाभले त्यात नटांचा वाटा मोठा आहे. मानापमानाच्या पहिल्या संचात नानासाहेब जोगळेकर (धैर्यधर), बालगंधर्व (भामिनी) व गणपतराव बोडस (लक्ष्मीधर) होते. बोडसांचा लक्ष्मीधर व पुढे संशयकल्लोळातील फाल्गुनराव या भूमिका विशेष गाजल्या. बालगंधर्वांची (१८८८–१९६७) भामिनी व रेवती, दीनानाथ मंगेशकरांची (१९००–४२) लतिका आणि चिंतामणराव कोल्हटकरांचा घनश्याम यांनीही प्रेक्षकांच्या मनात घर केले. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ मुंबईत झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त बालगंधर्व व ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांनी भामिनी व धैर्यधर यांच्या भूमिका केल्या. व्यवसायात व गायकीत प्रतिस्पर्धी मानले गेलेले दोन नट येथे प्रणयी म्हणून एकत्र आले. त्यानंतर तीन महिन्यांतच केशवरावांचे निधन झाले.

या सर्व नायिका आरंभी पुरुष नटांनी रंगविल्या, याचा परिणाम भूमिकांच्या घडणीवर झाला. स्त्रीचा रुसवा, लज्जा व मार्दव यांचे आकर्षक संकेत सिद्ध झाले. तिचा संताप मात्र लडिवाळ रुसव्यातच विरून गेला. अपमानित पुरुषाला संवाद मिळाला, अपमानित स्त्रीला पद मिळाले. पदाच्या माधुर्यात दुःखाची तीव्रता हरवते, हे रेवतीच्या बाबतीत विशेषत्वाने जाणवते. १९३३ साली नाट्यमन्वंतरने आंधळ्यांची शाळा सादर केले, तेव्हा स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या. हिराबाई बडोदेकर यांच्यासारख्या गायिकांनी संगीत नाटकांतील जुन्या नायिकाही रंगविल्या आणि हा संकेत हळूहळू शिथिल झाला.

मर्यादा व मूल्यमापन : याच काळातील मराठी कवितेशी तुलना केल्यास संगीत सुखात्मिकेची मर्यादा ध्यानात येते. रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे जन्मलेल्या केशवसुतांनी (१८६६–१९०५) मराठी कवितेत व्यक्तीच्या दुखावल्या आत्मसन्मानाला थेट शब्द दिले. ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ या त्यांच्या कवितेत वाटेवर हिडिसफिडिस झालेले मूल आईला त्याचे कारण विचारते. तेथे अपमान हा मनोरंजनाचा विषय राहिलेला नाही. तो समाजाला विचारलेला प्रश्न आहे. सौभद्रापासून भावबंधनापर्यंतच्या सुखात्मिकांत अपमानित व्यक्ती बहुधा वरच्या वा मध्यम थरातीलच असते. तिची गरिबीही पराक्रमाने किंवा विवाहाने दूर होण्याजोगी असते. ज्याचा अपमान कोणत्याही सुखान्ताने धुऊन निघणार नाही, अशा माणसाला या रंगभूमीवर नायकत्व मिळाले नाही. रेवती हा त्यातल्या त्यात अपवाद होय.

तरीही या नाटकांचे श्रेय मोठे आहे. विवाह ठरविणे हा केवळ वडिलांचा अधिकार मानणाऱ्या समाजात त्यांनी तरुण स्त्रीला दोन वरांची तुलना करण्याची व चुकण्याचीही मुभा रंगमंचावर दिली. धनाला हसण्याचे व गुणाला मान देण्याचे वळण त्यांनी प्रेक्षकाला लावले. पुढे पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या पिग्मॅलिअनवरून रचलेल्या ती फुलराणी (१९७५) मध्ये मंजुळा या फुलवालीला पैजेचा विषय बनविले जाते आणि आपली थट्टा झाल्याची जाणीव तिला कडाडून बोलते करते. भामिनीला व रेवतीला जे पदांतून सुचवावे लागले, ते मंजुळा रोखठोक गद्यात बोलते. गवळणीतील मावशीची वाणी जणू नायिकेला परत मिळते.

मानापमान व संशयकल्लोळ यांचे प्रयोग संगीत नाटकाच्या पडत्या काळातही होत राहिले. मानापमानावर आधारलेला, सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. ही नाटके टिकली, याचे श्रेय सामान्यतः त्यांच्या संगीताला दिले जाते व ते योग्यही आहे. परंतु आपल्या प्रेमाला किंवा गरिबीला कोणी हसले, ही जाणीव मनुष्यमात्राला परिचित आहे. ती जाणीव असलेल्या प्रेक्षकाला या नाटकांनी आधी मनमुराद हसविले आणि मग, निदान धैर्यधराच्या, रेवतीच्या व घनश्यामाच्या प्रसंगी, आपण कोणाला हसलो याचा विचार करावयास लावले. मराठी सुखात्मिकेतील उपहासाचे महत्त्व यातच आहे.